घरातल्या कामांना एकच छोटा मल्टीबिट स्क्रूड्रायव्हर घ्यायचा तर कुठला घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं की वाकडला भाड्याचा टू बीएचके आहे, किचनच्या ड्रॉवरमध्ये मावेल असा एकच मल्टीबिट स्क्रूड्रायव्हर (मूठ एकच, पुढची टोकं म्हणजे बिट बदलता येणारे) हवाय, बजेट हजाराच्या आत, आणि ऑनलाइन बघायला गेलात तर ६ इन १ पासून ११५ इन १ पर्यंत सगळं त्याच बजेटमध्ये दिसतंय, मग घ्यायचं काय आणि रॅचेटवाला (एकाच दिशेला पकडणारा, मूठ मागे आणली तरी स्क्रू उलटा न फिरवणारा) असावा का. मी कोथरूड-कर्वेनगर साइडला घरगुती वायरिंग, मिक्सर-गिझर, ट्रॉल्या, बिजागऱ्या असली किरकोळ दुरुस्तीची कामं करतो. गिऱ्हाइकं हा प्रश्न येताजाता विचारतात, बहुतेक वेळा हातात तो काळ्या डबीतला ३२ इन १ सेट धरून, की हा घेतलाय पण दाराचा स्क्रू काही हलेना.

तो हलणारच नाही. त्या सेटचे बिट ४ एमएमच्या षटकोनी दांड्याचे असतात, मूठ अंगठ्याएवढी आणि वरची टोपी गरागरा फिरणारी. मोबाईल, लॅपटॉप, रिमोट, चष्मा असल्या कामाला तो बनवलाय, तिथे जोर नको, नाजूक हात हवा. दाराच्या बिजागरीचा स्क्रू दीड इंच लाकडात रुतलेला, वरून दोनदा ऑइलपेंट बसलेला, त्याला जोर लागतो आणि जोर मिळतो मुठीच्या जाडीतून. तेवढीच पकड ठेवून मूठ दुप्पट जाड केली तर फिरवायची ताकद दुप्पट होते, साधा हिशोब आहे. त्यामुळे ११५ बिटांचा सेट घेतलात तरी त्यातले घरात रोज लागणारे चार-पाच, आणि तेही बारक्या मुठीवर बसवलेले.

म्हणून बिट किती मिळतात ते आधी बाजूला ठेवा. काही विकत घ्यायच्या आधी मोबाईलचा टॉर्च लावून घरात एक चक्कर मारा आणि नुसते स्क्रू बघा: तोंड कसलं आहे, स्क्रू वर आहे का भोकात खोल बसलाय, आणि आजूबाजूला मूठ फिरवायला जागा आहे का. बाकी सगळं ह्यावरनं ठरतं, आणि प्रत्येकाच्या घरात हे वेगळं असतं म्हणून "हाच मॉडेल घ्या" असं डोळे झाकून सांगता येत नाही. पेठेतल्या जुन्या वाड्यात गेलात तर दारांना, कपाटांना सगळे मायनस, म्हणजे एकाच आडव्या खाचेचे स्क्रू सापडतील, रंगाने खाच बुजलेली. तुमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये मायनस फारसा दिसायचा नाही, सगळं प्लस, म्हणजे फिलिप्स, ज्याला दुकानात स्टार पण म्हणतात. (स्टार म्हणून मागितलं की काही दुकानदार टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारखं तोंड) पण काढून देतात, म्हणून पीएच २ असं माप सांगूनच मागा.)

फिलिप्समध्ये पीएच ०, १, २, ३ अशी मापं येतात आणि घरात बाकी सगळ्यांपेक्षा पीएच २ जास्त लागतो. पडद्याच्या रॉडचे ब्रॅकेट, बिजागऱ्या, गिझरचं कव्हर, मिक्सरचा तळ, कुकरच्या हँडलचा स्क्रू पण बऱ्याचदा. पीएच १ लागतो स्विचच्या मागच्या टर्मिनलला, छोट्या उपकरणांना. पीएच ० खेळण्यांच्या बॅटरीच्या झाकणाला, घरात लहान मूल असेल तर हा बिट असायलाच हवा. पीएच ३ तुम्हाला क्वचितच लागेल.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना माहीत नसते. कपाटाच्या शटरला आत लपणारी ऑटो क्लोज बिजागरी असते ना, तिचा स्क्रू जवळून बघा. प्लसच्या चार खाचांच्या मधे अजून चार बारीक तिरक्या रेघा दिसतील. तो फिलिप्स नाही, तो पोझीड्राइव्ह, पीझेड २. पीएच २ चा बिट त्यात बसतो, फिरतो पण, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण फिलिप्सच्या टोकाच्या बाजू उतरत्या असतात, जोर वाढला की टोक स्वतःच वर चढून बाहेर येतं, आणि पोझीची खाच जवळजवळ सरळ उभी असते, त्यामुळे त्यात फिलिप्स डुगडुगतो. दोन-तीनदा घसरला की खाचेच्या कडा गोल, आणि मग तो स्क्रू कुणाच्याच कामाचा राहत नाही. शटर तिरकं झालंय, दोन दारं एकमेकांना घासतायत, ही तक्रार तर घरोघरी आहे, आणि त्याला सुताराची गरज नसते. बिजागरीवर दाराकडचा पुढचा स्क्रू फिरवला की शटर डावीउजवीकडे सरकतं, मागचा स्क्रू सैल करून शटर आतबाहेर करता येतं आणि परत घट्ट करायचा. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, बास. फक्त पीझेड २ बिट हवा, आणि तो स्वस्तातल्या सेटमध्ये असतोच असं नाही, खरेदी करताना बघून घ्या.

बिट बसलाय का नाही ते ओळखायचं कसं, तर बिट स्क्रूत घाला आणि न फिरवता हलकेच डावीउजवीकडे हलवा. खेळत असेल तर माप चुकलंय किंवा प्रकार चुकलाय. नीट बसलेला बिट खाच भरून टाकतो, हलत नाही. आणि फिलिप्सला आधी दाबायचं मग फिरवायचं, दाब फिरवण्यापेक्षा जास्त ठेवायचा. बहुतेक लोक नुसतं फिरवतात आणि मग म्हणतात स्क्रू स्लिप झाला.

बिटाच्या दांड्याचं माप पाव इंची घ्या, म्हणजे ६.३५ एमएमचा षटकोन. हे सगळीकडे चालणारं माप आहे, एक बिट झिजला तर तेवढाच बदलता येतो, उद्या ड्रिल मशीन घेतलंत तर तेच बिट त्यात लागतात, आणि बोहरी आळीत कुठल्याही टूल्सच्या दुकानात सुटे मिळतात. ते ६ इन १ असतं त्यात दोन बिट असतात, दोन्ही टोकांना वेगवेगळी तोंडं, आणि मधली नळी उलटी करून घालायची, त्या नळीचीच दोन तोंडं पाव इंच आणि ५/१६ इंच नटाला चालतात, असे मिळून सहा. आयडिया चांगली आहे आणि वस्तू टिकते पण. पण त्यातला पीएच २ झिजला की त्याच आकाराचा दुतोंडी बिट शोधत फिरावं लागतं, आणि पीझेड २ त्यात सहसा नसतो. नट ड्रायव्हर म्हणून पण वॉशिंग मशीनच्या पाइपची क्लिप खोलायला गेलात तर ती बहुतेक ७ एमएमची निघते, पाव इंच छोटा पडतो, ५/१६ मोठा, शेवटी मायनसनेच फिरवावी लागते. त्यामुळे तुमच्या वापराला मी मुठीत सहा-आठ पाव इंची बिट ठेवता येतील असा साधा मॅग्नेटिक होल्डरवाला सांगेन.

पण ह्या होल्डरची एक अडचण आहे आणि ती जाहिरातीत कुणी सांगत नाही. मिक्सर उलटा करून बघा. तळाचे स्क्रू वर नसतात, प्लॅस्टिकच्या खोल नळीसारख्या भोकात तळाशी बसलेले असतात. होल्डर बाहेरून दहा-बारा एमएम जाड, त्याच्या पुढे २५ एमएमचा बिट, त्यातला निम्माच बाहेर डोकावणारा. तो भोकाच्या तोंडाशीच अडकतो, स्क्रूपर्यंत पोचतच नाही. बऱ्याच टेबल फॅनचं, वॉटर प्युरिफायरचं, इस्त्रीच्या हँडलचं हेच. ५० एमएमचे लांब बिट मिळतात, त्यातला पीएच २ घेतला तर थोडं निभावतं, पण खरं उत्तर म्हणजे ६ एमएम जाड आणि १५० एमएम लांब दांड्याचा साधा पीएच २ स्क्रूड्रायव्हर, ज्याला आमच्याकडे जुने मिस्त्री अजून डिसमिस म्हणतात. शंभर-दीडशेला मिळतो. तुम्ही एकच हवा म्हणालात ते कळतंय, पण पातळ दांडा आणि जाड होल्डर ह्या दोन्ही गोष्टी एका हत्यारात बसत नाहीत, कंपनी कुठलीही असो. ड्रॉवरमध्ये आडवा टाकला तर जागा पण खात नाही.

मुठीची लांबी ही तुमच्यावर आहे. बुटका, म्हणजे मुठीसकट बोटभर लांबीचा येतो, तो ट्रॉलीच्या आत, बेसिनखाली, जिथे हात वळत नाही तिथे मस्त चालतो आणि मूठ जाड असल्याने जोर पण येतो. पण रोजच्याला तो नको, बोटांची सालं निघतात आणि स्क्रू दिसत नाही. बिटासकट १८-२० सेंटीमीटर भरेल असा मधला घ्या. मूठ हातात धरून बघा, साधारण तीन सेंटीमीटर जाड असावी आणि वर थोडं रबर. घरात वहिनी किंवा आईपण वापरणार असतील तर त्यांच्या हातात देऊन बघा. माझ्या हाताला बसणारी मूठ लहान हाताला मोठी पडते आणि मग सगळी कामं एकाच माणसावर येऊन पडतात, हे बऱ्याच घरात बघितलंय.

रॅचेटबद्दल. वर हात करून फॅनच्या वाटीचा किंवा पडद्याच्या ब्रॅकेटचा स्क्रू फिरवताना रॅचेट सुखाचा असतो, पकड सोडावी लागत नाही. पण हजाराच्या आतल्या रॅचेटमध्ये आतले दात बारके असतात, घट्ट स्क्रूला पूर्ण ताकद लावली की कटकट करून घसरायला लागतात, आणि एकदा घसरला की तो रॅचेट कायमचा तसाच. रॅचेट घ्यायचाच असेल तर तीन पोझिशनवाला घ्या, म्हणजे मधल्या पोझिशनला तो लॉक होतो. पहिला घट्ट फेरा लॉक करून सोडवायचा, मग रॅचेट चालू करायचा, आणि परत घट्ट करताना शेवटचा पीळ पण लॉक करूनच. तुम्हाला वर्षाकाठी मोजकीच कामं, मला विचाराल तर ते पैसे चांगल्या बिटांत घाला.

बिटावर एस २ (हा टूल स्टीलचा प्रकार) लिहिलेलं बघा. क्रोम व्हॅनेडियम पण चालतं, त्याचे दांडे चांगले असतात, पण टोकाच्या झिजेला एस २ सरस. नुसतं लिहिलेलं बघून उपयोग नाही, टोक बोटाने चाचपा. कडा स्वच्छ कापलेल्या हव्यात, ओतलेल्या मिठाईसारख्या गुळगुळीत गोल असतील तर ठेवून द्या. मग बिट होल्डरमध्ये घालून हलवा, थोडा खेळ सगळ्यातच असतो, पण खुळखुळा नको. मॅग्नेट जोरदार असावा, कारण स्विचबोर्डाचा स्क्रू खाली पडला की टीव्ही युनिटच्या मागेच जातो. फक्त पितळेचे आणि चांगल्या स्टेनलेसचे स्क्रू मॅग्नेटला चिकटत नाहीत, बाथरूममधल्या फिटिंगला हा अनुभव येईल, मॅग्नेट खराब आहे म्हणून परत करायला जाऊ नका.

आता लाइटचं काम. हे नीट वाचा. हे सगळे मल्टीबिट लोखंडी होल्डरचे असतात, मूठ प्लॅस्टिकची असली तरी त्यांना इन्सुलेटेड म्हणता येत नाही. चालू लाइनवर वापरायचे नाहीत, २३० व्होल्ट आहे. खरा इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर वेगळा येतो, त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट लिहिलेलं असतं आणि दांड्याला टोकापर्यंत आवरण असतं. तुम्हाला तो घ्यायची गरज नाही, तुम्ही लाइन बंद करून काम करा. स्विच बंद म्हणजे लाइन बंद नाही, मेन बोर्डातला एमसीबी (खटका) पाडायचा. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडला तरी फॅन-लाइटची लाइन इन्व्हर्टरवर चालूच राहते, तो पण बंद करायचा. मग टेस्टर लावायचा, आणि टेस्टर आधी चालू सॉकेटला लावून पेटतोय का बघायचं, मगच त्याच्यावर विश्वास ठेवायचा. टेस्टर घरात वेगळा हवाच. पण टेस्टरने स्क्रू पिळायची सवय अर्ध्या पुण्याला आहे ती सोडा, आतला दिवा आणि रेझिस्टर नाजूक असतो, दांडा वाकला की पुढच्या वेळी लाइन असताना दिवा लागणार नाही आणि तुम्ही समजाल बंद आहे.

मॉड्युलर बोर्डाची प्लेट काढताना वरची फ्रेम स्क्रूची नसते. कडेला बारीक खाच असते, तिथे पातळ मायनस टोक घालून हलकेच उचकटायची, कट्‌ आवाज येऊन निघते. त्याच्या आत दोन किंवा चार स्क्रू दिसतात. स्विचच्या मागे वायरचे टर्मिनल असतात त्यांच्या तोंडावर बऱ्याचदा प्लस आणि मायनस दोन्ही कोरलेलं असतं, तिथे जाड बिट कोंबला की बाजूचं प्लॅस्टिक तुटतं, पीएच १ किंवा तीन-साडेतीन एमएमचा मायनस वापरा. वायर घट्ट केल्यावर ओढून बघा. सैल वायर तापते, सॉकेटच्या तोंडाशी पिवळं-काळं पडलेलं दिसतं ते बऱ्याच वेळा त्यानेच. असा जळका वास असेल तर मात्र स्वतः हात घालू नका, माणूस बोलवा.

भाड्याचं घर आहे म्हणून एक सांगतो. जुना जॅम स्क्रू निघत नसेल तर हट्टाला पेटू नका, डोकं खाल्लं गेलं तर ओनर डिपॉझिटमधनं कापायला टपलेलेच असतात. आधी खाचेतला रंग कटरच्या टोकाने खरवडून काढा, गंज असेल तर डब्ल्यूडी ४० मारून अर्धा तास थांबा, मग आधी थोडा घट्ट करायच्या दिशेने पीळ देऊन मग उलटा फिरवा. मल्टीबिटच्या मुठीवर हातोडी कधीच मारायची नाही, आत बिट ठेवायची पोकळी असते, ती फुटते.

तुमच्यासाठी बिट एवढे पुरतील: पीएच १, पीएच २ चे दोन (हाच पहिला झिजतो), पीझेड २, मायनस ४ आणि ६ एमएम, ॲलन ३ आणि ४ एमएम. ॲलन, म्हणजे षटकोनी भोकाच्या स्क्रूचा बिट, दाराच्या हँडलच्या बारक्या स्क्रूला आणि ऑनलाइन मागवलेल्या टेबल-खुर्च्यांना लागतो. टॉर्क्स टी १५, टी २० फुकट मिळत असतील तर घ्या, मुद्दाम नको. सायकल किंवा बाइकचं काम करणार असाल तर हिशोब बदलतो. जपानी पद्धतीच्या गाड्यांवर दिसायला फिलिप्ससारखा पण थोडा वेगळा जेआयएस स्क्रू असतो, त्याला वेगळा बिट लागतो, आणि सायकलला ५ आणि ६ चा ॲलन लागतोच. लॅपटॉप-मोबाईल उघडायची हौस असेल तर तो काळ्या डबीतला सेट पण घ्या, त्याच्या कामाला तो उत्तमच आहे, फक्त त्याला बिजागरीवर लावू नका.

ब्रँडचं म्हणाल तर लांब दांड्याचा आणि टेस्टर मी टपारियाचा वापरतो. कंपनी नाशिकची, सातपूरची, आणि माल गल्लीबोळात मिळतो. मल्टीबिटमध्ये स्टॅनले, बॉश वगैरे सगळे करतात, हातात घेऊन पसंत करा. शक्य असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीत जा, गाडी लांब लावा आणि चालत जा, आत पार्किंगचा नाद करू नका. जाताना कपाटाच्या बिजागरीचा एक स्क्रू आणि कुकरच्या हँडलचा एक स्क्रू खिशात घालून न्या आणि दुकानातच बिट घालून बघा. टेस्टर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत पण मिळेल. मल्टीबिट, लांब दांड्याचा आणि टेस्टर, तिन्ही मिळून हजारात बसायला हवं, भाव थोडे इकडे-तिकडे होतात.

पावसाळ्यात मुठीतले बिट गंजतात, शिलाई मशीनच्या तेलाचा बोटभर हात फिरवून ठेवा.

आणि मिक्सर उलटा करून तळाचे स्क्रू किती खोल आहेत ते एखादी काडी घालून मोजून सांगा, दोन इंचाच्या आत असतील तर १०० एमएमच्या दांड्यात पण तुमचं भागेल.